गटाचे संकेतस्थळ आणि त्याचे दप्तर



आज अनेक शेतकरी गटांची व उत्पादक कंपन्यांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. उद्घाटन थाटात होते, करून देणाऱ्याचे पैसे चुकते होतात आणि तो आपल्या वाटेने जातो. पुढे दर बदलतात, फोन क्रमांक बदलतात, संचालकही बदलतात. संकेतस्थळ मात्र पहिल्या दिवशी होते तसेच राहते.

माझ्या पाहण्यातील एका गटाच्या संकेतस्थळावर मागील हंगामातील सोयाबीन बियाण्याचा दर आणि 'साठा शिल्लक' ही ओळ तशीच राहिली होती. ती वाचून दूरच्या गावचा एक शेतकरी ऐन पेरणीच्या तोंडावर भाड्याचा टेम्पो घेऊन आला. बियाणे महिन्यापूर्वीच संपले होते. भाडे गेले, दोन दिवस गेले आणि वापसाही हातचा गेला. संचालक म्हणाले, "ती ओळ काढायची कशी हे आम्हाला ठाऊक नाही. संगणकवाला फोन उचलत नाही." एक ओळ बदलण्यासाठी परक्या माणसाची वाट पाहावी लागू नये, यासाठीच 'मजकूर व्यवस्थापन प्रणाली' असते. ती समजून घेण्यासाठी संगणकाचे शिक्षण असण्याची गरज नाही.

पूर्वीची अडचण

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यानंतर बराच काळ संकेतस्थळाचे प्रत्येक पान सुटे लिहिले जाई. मजकूर आणि त्याची मांडणी सांगणाऱ्या खुणा एकाच फाइलमध्ये गुंतलेल्या असत. पन्नास पानांच्या तळाशी गटाचा फोन क्रमांक असेल, तर तो बदलण्यासाठी पन्नास फाइली उघडाव्या लागत. खुणांची भाषा न जाणणाऱ्याच्या हातून एखादी खूण पुसली गेली, तर सगळे पान विस्कटे. त्यामुळे दुरुस्ती जाणकाराच्याच हाती राहिली.

सातबाऱ्याचे उदाहरण

मजकूर व्यवस्थापन प्रणालीचे काम आपल्या ओळखीच्या दप्तरासारखे चालते. जमिनीच्या नोंदी एका जागी असतात. उतारा मागितला की त्या नोंदी ठरलेल्या नमुन्यात मांडून मिळतात. खातेदाराचे नाव बदलले म्हणून कोणी नमुना नव्याने आखत नाही, फक्त नोंद बदलते. शिवाय ती नोंद कोणीही बदलू शकत नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मगच तो सातबाऱ्यावर येतो.

प्रणालीचेही असेच तीन भाग असतात.

१) कोठार : लेख, दर, छायाचित्रे, फोन क्रमांक यांची माहिती येथे साठते. याला डेटाबेस म्हणतात.

२) साचा : शीर्षक कोठे, छायाचित्र केवढे, रंग कोणता हे येथे एकदाच ठरते. वाचकाने पान उघडले की कोठारातील मजकूर साच्यात बसून त्याच्यासमोर येतो. साचा बदलला तरी मजकूर शाबूत राहतो. फोन क्रमांक एका जागी बदलला की सर्व पानांवर बदलतो.

३) अधिकार : कोणी लिहावे व कोणी प्रसिद्ध करावे हे येथे ठरते. प्रत्येकाला स्वतंत्र नाव व सांकेतिक शब्द मिळतो.

कोणती प्रणाली निवडावी?

ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जूमला (२००५) या तीन प्रणाली प्रसिद्ध आहेत. तिन्ही मोफत असून त्यांची आज्ञावली सर्वांना खुली आहे. लहान गटाला वर्डप्रेस सोयीची पडते. तिच्यातील सूचना मराठीतही मिळतात आणि ती जाणणारी माणसे तालुक्याच्या गावीही सापडतात.

मात्र 'मोफत' या शब्दाने हुरळून जाऊ नये. रोप फुकट मिळाले तरी पाणी व कुंपण आपल्यालाच करावे लागते. संकेतस्थळाचे नाव (डोमेन) आणि त्याची जागा (होस्टिंग) यांचे भाडे मुदतीने भरावे लागते. ही दोन्ही खाती गटाच्याच नावाने असावीत, करून देणाऱ्याच्या नावाने कधीही असू नयेत. अन्यथा संकेतस्थळ आपले आणि सातबारा दुसऱ्याचा अशी गत होते. मराठी नाव हवे असल्यास २०१४ पासून '.भारत' हा शेवट देवनागरीत उपलब्ध आहे.

प्रत्यक्ष काम

सांकेतिक शब्द देऊन आत गेल्यावर कोऱ्या कागदासारखी चौकट दिसते. तिच्यात शीर्षक व मजकूर लिहावा, छायाचित्र जोडावे आणि 'मसुदा' म्हणून जतन करावे. मसुदा वाचकांना दिसत नाही. तपासणी झाल्यावर 'प्रकाशित करा' ही कळ दाबली की तो सर्वांना दिसतो. वर्डप्रेसमध्ये 'योगदानकर्ता' हा लिहू शकतो, परंतु प्रसिद्ध करू शकत नाही. तो अधिकार 'संपादक' व 'प्रशासक' यांच्याकडे असतो. गटातील एखाद्या शिकलेल्या मुला-मुलीस लेखनाचे काम द्यावे आणि जबाबदार संचालकाने प्रमाणित करावे. चूक झालीच तर पानाच्या आधीच्या आवृत्त्या जपलेल्या असतात, त्यांतून जुना मजकूर परत आणता येतो.

मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. छापखान्यासाठी जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच चिकटवल्यास वाचकाला अगम्य अक्षरे दिसतात.

कोणती काळजी घ्यावी?

१) एकच सांकेतिक शब्द सर्वांनी वापरू नये. माणूस काम सोडून गेल्यास त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

२) प्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर ती बसवून घ्यावी. जुन्या आवृत्तीतील उणिवा हेरूनच चोर आत शिरतात.

३) जादा सोयींची जोडणी (प्लगिन) गरजेपुरतीच घ्यावी.

४) सर्व मजकुराची प्रत ठराविक दिवशी काढून वेगळ्या जागी ठेवावी. बियाणे एकाच कणगीत कोणी ठेवत नाही.

५) दर, साठा व फवारणीचा सल्ला असलेल्या प्रत्येक पानावर दिनांक घालावा.

प्रणाली काय करीत नाही?

प्रणाली मजकूर सांभाळते, पण तो आज खरा आहे की नाही हे तिला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली. त्याआधी लिहिलेला फवारणीचा सल्ला एखाद्या पानावर राहिला असेल, तर प्रणाली तो आजही तितक्याच स्वच्छ अक्षरांत दाखवील. वाचणारा शेतकरी तो खरा मानील. हे थांबविणे माणसाचेच काम आहे.

म्हणून संकेतस्थळ करून घेण्यापूर्वी गटाच्या सभेत दोन नावे लिहून घ्यावीत, एक लिहिणाऱ्याचे आणि एक प्रमाणित करणाऱ्याचे. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून सर्व पाने वाचावीत व शिळा मजकूर काढून टाकावा. ही दोन नावे ठरत नसतील, तर तूर्त संकेतस्थळाचा खर्च करू नये. गटाच्या कार्यालयाबाहेरचा फळा रोज पुसून लिहिला, तरी शेतकऱ्याचे नुकसान टळते.