आजारी माणसाचा रमजान

आमच्या गल्लीतल्या एका खालांना गेली पंधरा वर्षे मधुमेह आहे. रोज इन्सुलिन घ्यावे लागते. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये, इफ्तारला अर्धा तास उरलेला असताना, भजी तळता तळता त्या खाली बसल्या. दरदरून घाम फुटलेला, हात थरथरत होते. मुलाने लगेच साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. दवाखान्यात डॉक्टर रागावले, "रोजा धरू नका म्हणून सांगितलं होतं ना?" खालांनी मान खाली घातली. पुढच्या तपासणीला त्या गेल्याच नाहीत.

तपासणी चुकलेली पाहून रुग्णालयाच्या समाजसेविका घरी आल्या. त्यांनी आधी साखरेचा आकडा विचारलाच नाही. "घरात सहरीला कोण उठतं? रोजा नसला की तुम्हाला कसं वाटतं?" एवढेच विचारले. खाला म्हणाल्या, "बेटी, सगळं घर रोजेदार. मी एकटीनं दुपारी चोरासारखी भाकर खाऊ का?"

आजार साखरेचा होता, दुखणे मात्र मनाचे आणि माणसांतून बाजूला पडण्याचे होते. दीर्घ आजारात गोळीइतकाच घराचा, पैशाचा, श्रद्धेचा आणि नात्यांचा विचार करावा लागतो, तो असा. महाराष्ट्राला हे काम नवे नाही. देशातले समाजकार्याचे पहिले विद्यालय १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. डायलिसिसच्या रुग्णाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद जमवून देणे, खचलेल्या घराला धीर देणे, हेही याच कामात येते.

खालांच्या बाबतीत समाजसेविकेने मुलाला मशिदीत इमामसाहेबांकडे पाठवले. त्यांनी कुरआनातल्या सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींचा आधार दिला. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजाची सवलत तिथेच आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे भरून काढायचे. बरे होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचे, त्याला फिदिया म्हणतात. "सवलत अल्लाहनं दिली आहे, ती घेण्यात लाज कसली?" हे इमामसाहेबांचे बोलणे खालांना डॉक्टरांच्या रागावण्यापेक्षा अधिक पटले.

प्रत्येक मधुमेहीला रोजा बंदच असतो असेही नाही. रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. धोका किती, औषधांच्या वेळा आणि मात्रा कशा बदलायच्या, हे त्यांनाच ठरवू द्यावे. रोज्यात बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञांचे सांगणे आहे.

गेल्या रमजानमध्ये खालांनी रोजे धरले नाहीत. पण सहरीला त्या सगळ्यांबरोबर उठल्या. वेळेवर जेवल्या, इन्सुलिन घेतले. रोज संध्याकाळी फिदियाचा डबा स्वतःच्या हाताने भरून नातवाबरोबर पाठवला. इफ्तारला सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसल्या. तळणही कमी झाले, त्याचा फायदा सगळ्या घराला झाला. तपासणीची एकही तारीख चुकली नाही.

शेजारच्या काकू हे ऐकून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचंही एकादशीला असंच. गोळ्या लपवून उपास करतात." श्रद्धा वेगळ्या असल्या, तरी आजारी माणसाची घालमेल सारखीच असते.

म्हणून एवढेच सांगणे: या महिन्यात कुणी दुपारी पाणी पिताना दिसले, तर "रोजा नाही का?" असे विचारू नका. "तब्येत कशी आहे?" असे विचारा.