१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम पूर्ण संख्या असून ती १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग आहे. डावीकडून वा उजवीकडून वाचली तरी ती सारखीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक परार्धाच्या अलीकडील ‘मध्य’ या स्थानी येतो.

रचना

१११११११११ला त्याच संख्येने गुणताना नऊ ओळी मांडाव्या लागतात. प्रत्येक ओळीत तीच संख्या असते, मात्र दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करताना एककस्थानी १, दशकस्थानी २ असे वाढत जाऊन नवव्या स्थानी ९ येतात आणि तेथून पुन्हा उतरत १ पर्यंत. कोणतीही बेरीज ९च्या पुढे जात नसल्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही. या संख्येच्या डौलाचे सारे रहस्य एवढेच आहे. त्यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. दहा वेळा १ लिहून वर्ग केल्यास मधल्या स्थानी १० येतात, हातचा निर्माण होतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. ही मर्यादा दशमान पद्धतीची आहे. बारा हा पाया धरून संख्या लिहिल्यास हीच मांडणी अकरा वेळा १ लिहिण्यापर्यंत टिकते.

हातचा नसल्याचा आणखी एक परिणाम असा, की गुणाकाराच्या अंकांची बेरीज ही दोन्ही गुणकांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार असते. येथे ती ९ × ९ म्हणजे ८१ होते.

डेमलो संख्या

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळाली येथील शाळेत शिक्षक होते. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता मधल्या भागातील अंकच पुन्हा पुन्हा येतो, अशा संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ म्हटले. १६५ (१ + ५ = ६) आणि २५५३ (२ + ३ = ५) ही त्यांची सोपी उदाहरणे. प्रस्तुत संख्येत मध्ये ९ आहे आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. १, १२१, १२३२१ या मालिकेला त्यांनी ‘अद्भुत’ हे विशेषण जोडले. ही कल्पना ज्या स्थानकावर सुचली, त्या डेमलोचे (आजचे डोंबिवली) नाव त्यांनी या संख्यांना दिले. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेचा हाच मार्ग पुढे देवळालीवरून अकोला, बडनेरा व नागपूरकडे जातो.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’ संख्या, ही व्याख्याही कापरेकरांचीच. प्रस्तुत संख्येला ८१ने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो, म्हणून ती हर्षदही आहे. हा भागाकार १२३४५६७९चा वर्ग असून त्या मूळ संख्येत ८ तेवढा गहाळ आहे.

कापरेकरांच्या अशा शोधांकडे अनेक गणितज्ञांनी अंकांचा खेळ म्हणूनच पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की उलटसुलट सारखेपणा हा लेखनपद्धतीवर अवलंबून असतो.

अवयव

मूळ अवयवांचे मात्र तसे नाही. कोणत्याही पायात लिहिले तरी ते तेच राहतात. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७ असल्याने प्रस्तुत संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² इतकी होते. तिला एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक आहेत. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.