मेंढपाळाची पारख

ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक नेत्याला मेंढपाळ म्हणतात. त्यांतला खरा कोणता व खोटा कोणता, हे ओळखावयाचे कसे? वक्तृत्वावरून म्हणावे, तर ते दोघांपाशीही असते. सत्कृत्यांवरून म्हणावे, तर जिम जोन्सचा आरंभ पाहावा. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी १९५० नंतरच्या दशकात त्याने गोऱ्या-काळ्यांना प्रार्थनेस शेजारी बसविले, भुकेल्यांना जेवू घातले. पुढे गयानाच्या अरण्यात त्याने वसाहत थाटली. तेथे अनुयायांची पारपत्रे काढून घेतली जात, पत्रे तपासली जात. न केलेल्या अपराधांचे कबुलीजबाबही त्यांच्याकडून लिहून घेतले जात. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याच्या आज्ञेने तेथे नऊशेहून अधिक माणसे विषाने मेली. त्यांत सुमारे तीनशे मुले होती.

अशाच एकाकी जागी, हवाईतील मोलोकाई बेटावर, १८७३ साली फादर डेमियन गेले. सरकार कुष्ठरोग्यांना तेथे तोडून ठेवी. डेमियननी त्यांच्या जखमा धुतल्या, घरे बांधली, शवपेट्याही केल्या. तोच रोग जडून १८८९ मध्ये ते वारले. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले, पण कप्तान त्यांना उतरू देईना. तेव्हा डेमियननी खालच्या नावेतूनच, सर्वांदेखत, मोठ्याने आपले पापनिवेदन केले.

भेद येथे आहे. एकाने इतरांची कबुली त्यांना बांधून ठेवण्यास वापरली. दुसऱ्याने स्वतःची कबुली दिली. म्हणून, श्रोतेहो, गुरूविषयी आधी एवढेच विचारावे: हा स्वतः कोणापुढे गुडघे टेकतो?