चिमुकल्यांना कायदा सांगताना

अमेरिकेत आईवडिलांविना सीमा ओलांडून आलेल्या मुलाला सरकार ताब्यात घेते. 2008 च्या कायद्यान्वये, अपवाद वगळता, 72 तासांच्या आत ते आरोग्य व मानव सेवा खात्याकडे सोपवावे लागते. हद्दपारीचा खटला मात्र त्याच्यावरही चालतो. वकील नेमण्याचा हक्क त्याला आहे; पण त्याचा खर्च सरकारने द्यावा, हा हक्क नाही!

आता पाच वर्षांच्या मुलीला ‘वकील’ म्हणजे काय, हे कसे सांगावे? तेथे व्याख्यान उपयोगी नाही. स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते चित्रे काढून, खेळणी मांडून सांगतात की, ही बाई तुझ्या बाजूने बोलणार, आणि तू सांगितलेले तुला विचारल्यावाचून कुणाला सांगणार नाही. एवढे पटणेही कठीण. कारण मुलाला सरकारी माणूस कोणता अन् आपला कोणता, हे उमगत नाही. त्यातून ग्वाटेमालातील काही मुलांना स्पॅनिशही नीट येत नाही. त्यांना माम किंवा किचे बोलणारा दुभाषी लागतो.

तीन-चार वर्षांच्या मुलांनाही आपण हा कायदा शिकवला आहे, अशी एका इमिग्रेशन न्यायाधीशांची साक्ष 2016 साली उजेडात आली आणि टीकेचा गदारोळ उठला. तो रास्तच होता. हक्क समजलेले मूलही न्यायाधीशांपुढे आपली बाजू मांडू शकत नाही. तिथे वकीलच लागतो.