उंदरांच्या लाळेने दाखवली वाट!

हाचिरो सुगिमोतो हे नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. पण ओळखीच्या एखाद्या आजी-आजोबांना स्मृतिभ्रंशाचा विकार असेल, तर त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘डोनेपेझिल’ हा शब्द जरूर शोधा. हे औषध शोधून काढलं सुगिमोतो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी.

सुगिमोतोंचा जन्म १९४२ सालचा, टोकियोतला. नऊ भावंडांत हे आठवे, म्हणून नाव हाचिरो. जपानीत ‘हाचि’ म्हणजे आठ! घरची परिस्थिती बेताची. शाळा संपताच १९६१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते एसाई या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज, असं करत त्यांनी पदवी मिळवली. रक्तदाबावरच्या एका नव्या औषधाच्या शोधातही त्यांचा मोठा वाटा होता.

याच काळात त्यांच्या आईची स्मृती हरवत चालली. मुलगा भेटायला गेला की आई विचारायची, तुम्ही कोण? मी हाचिरो, असं सांगितलं की ती म्हणायची, माझ्याही एका मुलाचं नाव हाचिरो आहे! कल्पना करा, काय वाटलं असेल त्या मुलाला. स्मृतिभ्रंशावर औषध शोधायचंच, असं सुगिमोतोंनी मनाशी पक्कं केलं.

पण शोधायचं कुठे? आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांमार्फत. त्यातलं एक म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. शिकणं, लक्षात ठेवणं यांसाठी ते फार महत्त्वाचं. निरोप पोचला, की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करून टाकतं. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण. त्यात हे रसायन बनवणाऱ्या पेशीच मरू लागतात आणि त्याचा तुटवडा पडतो. मग त्या विकरालाच थोडं अडवलं तर? आहे तेवढं रसायन जरा जास्त वेळ टिकेल. युक्ती सोपी वाटते ना? पण टॅक्रिन नावाच्या आधीच माहीत असलेल्या रसायनात फेरफार करून गटाने जे जे बनवलं, ते सारं फार विषारी निघालं.

आणि मग एक गंमत झाली. रक्तवाहिन्या कडक होण्याच्या विकारासाठी म्हणून बनवलेलं एक रसायन उंदरांना दिलं होतं. त्या कामी त्याचा उपयोग होवो न होवो, उंदरांच्या तोंडाला मात्र लाळ सुटली! दुसऱ्या कुणी पिंजरा पुसून विषय संपवला असता. पण अंगात अ‍ॅसिटिलकोलिन वाढलं की लाळ वाढते, हे या मंडळींना ठाऊक होतं. त्यांनी ते रसायन उचललं आणि त्याच्या रचनेत इथे एक अणू बदल, तिथे एक कडी जोड, असं करत सुमारे सातशे संयुगं बनवली. त्यातलं एक तर मुळापेक्षा हजारो पटींनी प्रभावी निघालं. पण पोटात दिल्यावर ते रक्तात पुरेसं उतरेना! तेही बाजूला पडलं. पुन्हा नव्याने जुळवाजुळव झाली आणि शेवटी हाती आलं ते ‘ई-२०२०’, म्हणजेच डोनेपेझिल.

माणसांवरच्या चाचण्यांना पुढे काही वर्षं गेली. अमेरिकेत १९९६ साली औषधाला परवानगी मिळाली. खुद्द जपानमध्ये मात्र १९९९ उजाडलं. सुगिमोतोंच्या आईला ते कधीच मिळालं नाही. त्याआधीच ती गेली होती.

आता एक गोष्ट आईबाबांनीही नीट वाचावी. या गोळीने रोग बरा होत नाही. काही रुग्णांचं रोजचं वागणं, लक्ष, आठवण काही काळ सावरते, एवढंच. पेशी मरायच्या थांबत नाहीत. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं असे त्रासही होऊ शकतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करायची नाही, की बंदही करायची नाही.

औषधाची ही मर्यादा सुगिमोतोंनाही पुरेपूर ठाऊक होती. म्हणूनच २००३ साली एसाई सोडल्यावर ते घरी बसले नाहीत. क्योटो विद्यापीठात जाऊन त्यांनी रोगाच्या मुळावरच घाव घालणाऱ्या औषधाचा शोध सुरू केला. २०२३ साली एसाईच्याच ‘लेकॅनेमॅब’ला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ते साफ करतं. त्याने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण थोडी मंदावते. गेलेली आठवण मात्र परत येत नाही.