ऑनलाइन खेळ मध्येच का अडखळतो?

डोंबिवलीतील मुलाचा ठाण्यातील मित्राशी ऑनलाइन खेळ रंगात आला आहे आणि पडद्यावरचा खेळाडू एकाएकी थबकतो, असे नेहमी घडते. मग जास्त वेगाच्या, म्हणजेच जास्त पैशांच्या जोडणीचा हट्ट सुरू होतो. तिने हा दोष जाईलच असे नाही. का, ते पाहू.

कल्याणची लोकल बाराऐवजी पंधरा डब्यांची केली, तर प्रवासी जास्त मावतात. पण गाडी ठाण्याला लवकर पोचत नाही. ‘१०० एमबीपीएस’ हा आकडा डब्यांच्या संख्येसारखा आहे. खेळाला हवा वक्तशीरपणा! आपला संदेश सर्व्हरकडे जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ म्हणजे ‘पिंग’. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. पिंग सतत ४० असेल तर खेळ सुरळीत चालतो. क्षणात २०, क्षणात २०० झाला की अडखळतो.

हा दोष अंतराचा आहे का? ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५० किलोमीटरवर मुंबईत असेल, तर जाण्यायेण्यास अर्धा मिलिसेकंद पुरतो. सर्व्हर परदेशात असेल तर वेळ वाढेल, पण तो साधारण स्थिर राहील. चढउताराचे कारण बहुधा गर्दी हेच असते.

दाटीवाटीच्या इमारतींत शेजारपाजारचे अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. एकाच चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते; बाकीचे थांबतात. शिवाय काँक्रीटच्या भिंती लहरी शोषतात. घरात कोणी मोठा व्हिडिओ पाठवत असेल, तर राउटरमध्येही रांग लागते.

आता हा प्रयोग करा. संगणकावर ‘पिंग’ हा आदेश आधी राउटरच्या पत्त्यावर आणि मग बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावर द्या. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा.

राउटरचेच आकडे खालीवर होत असतील, तर दोष घरातील वायफायचा. संगणक केबलने जोडा. ते शक्य नसेल तर राउटर जवळ आणून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. राउटरचे आकडे स्थिर, पण बाहेरचे अस्थिर असतील, तर घरातील इतर उपकरणे थांबवून पुन्हा मोजा. आता आकडे स्थिरावले, तर रांग घरचीच होती. तरीही चढउतार राहिला, तर वही घेऊन जोडणी देणाऱ्याकडे तक्रार करा. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा वेळेसह लिहिलेले आकडे अधिक उपयोगी पडतात.