तेलक्षेत्रीय द्रायूंतील अक्रिय वायूंचे मापन
तेलक्षेत्रीय द्रायूंतील अक्रिय वायूंचे मापन : खनिज तेल, त्याच्या सोबतचा नैसर्गिक वायू आणि तेलाखाली साचलेले खारे पाणी या तिन्ही द्रायूंत हीलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन व झेनॉन हे अक्रिय वायू लेशमात्र असतात. ते कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाहीत. त्यामुळे तेलाचे जीवाणूंनी विघटन केले वा उष्णतेने त्याचे रूपांतर झाले, तरी हे वायू मूळ स्वरूपात टिकून राहतात. त्यांच्या प्रमाणात बदल होतो तो केवळ विरघळणे, विसरण व मिश्रण या भौतिक क्रियांनी, आणि या क्रियांचे गणित मांडता येते. तेल कोठून आले, वाटेत किती पाण्याच्या संपर्कात आले आणि सापळ्यात किती काळ अडकून आहे, या प्रश्नांची उत्तरे शोधताना म्हणूनच या अत्यल्प घटकांना त्यांच्या प्रमाणाच्या मानाने फार मोठे महत्त्व आले आहे.

अमेरिकेतील कॅनझस राज्यात डेक्स्टर येथे १९०३ मध्ये एका विहिरीतून मोठ्या दाबाने वायू बाहेर पडू लागला. गावकऱ्यांनी समारंभपूर्वक तो पेटविण्याचा प्रयत्न केला. पण तो पेटेना. त्याचा बहुतांश भाग नायट्रोजनाचा होता. १९०५ मध्ये एच. पी. केडी व डी. एफ. मॅक्फर्लंड यांना त्यात सु. १.८ टक्के हीलियम आढळला. विल्यम रॅम्झी यांनी पृथ्वीवरील खनिजातून हीलियम प्रथम वेगळा केल्याला तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. (महाराष्ट्रात हीलियमाच्या शोधाशी विजयदुर्ग किल्ल्याचे नाव जोडले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला हे खरे; तथापि जे. एन. लॉक्यर यांनी सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचे निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून केले आणि त्यासाठी त्यांना ग्रहणाची गरज पडली नव्हती.)

उगमाच्या दृष्टीने या वायूंचे तीन स्रोत मानले जातात. पहिला वातावरण : पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतील वायू बरोबर नेते. २०° से. तापमानास हवेशी समतोल असलेल्या १ लिटर पाण्यात सु. ०.३ मिलि. आर्गॉन असतो, झेनॉन मात्र एका मिलिलिटरच्या लाखाव्या भागाइतकाच. दुसरा स्रोत भूकवच : युरेनियम व थोरियम यांच्या क्षयातून हीलियम-४ आणि पोटॅशियम-४० पासून आर्गॉन-४० सतत निर्माण होत असतो. तिसरा प्रावरण : तेथील हीलियमात हीलियम-३ या समस्थानिकाचा वाटा अधिक असतो. हवेत हीलियम-३ व हीलियम-४ यांचे गुणोत्तर सु. १.४ × १०⁻⁶ आहे. भूकवचात ते याच्या सु. पन्नासाव्या भागाइतके, तर प्रावरणात सु. आठपट आढळते. एकाच गुणोत्तरावरून दोन स्रोतांतील इतका फरक कळावा, अशी उदाहरणे भूरसायनशास्त्रात थोडीच आहेत.

तेल व पाणी यांच्या संपर्काचे गणित विद्राव्यतेवर आधारलेले आहे. पाण्यात आर्गॉन हा निऑनापेक्षा सु. तिपटीने अधिक विरघळतो. पाण्यातून वायूचा लहानसा बुडबुडा गेला, तर निऑन आर्गॉनाच्या मानाने लवकर त्यात शिरतो व बुडबुड्यातील निऑन-आर्गॉन गुणोत्तर पाण्यातील गुणोत्तराहून वाढते. पाण्याच्या मानाने वायू फार असेल, तर दोन्ही वायू जवळजवळ पूर्णपणे निघून येतात व गुणोत्तर पाण्यातल्याएवढेच राहते. तेलाच्या बाबतीत याच्या उलट घडते, कारण जड अक्रिय वायूंना तेल अधिक मानवते. थोड्या तेलात आर्गॉन, क्रिप्टॉन व झेनॉन यांचा वाटा वाढतो. या फरकांवरून तेल, वायू व पाणी यांच्या घनफळांचे परस्पर प्रमाण काढता येते. मात्र त्यासाठी खोलीवरील तापमान, दाब व क्षारता ठाऊक असाव्या लागतात. त्यांच्या अंदाजातील चूक थेट उत्तरात उतरते.

मापनातील सर्वांत मोठा शत्रू हवा होय. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के असल्यामुळे नमुन्यात शिरलेला हवेचा एक बुडबुडाही सारे निष्कर्ष निरर्थक करतो. काचेतून हीलियम झिरपत असल्याने काचपात्र दीर्घकाळ साठवणीस निरुपयोगी ठरते. नमुना सु. १ सेंमी. व्यासाच्या तांब्याच्या नळीत घेतात. विहिरीच्या मुखाशी जोडलेल्या नळीतून द्रायू पुरेसा वेळ वाहू देऊन आतील हवा घालवितात आणि मग पोलादी शिकंज्यांनी नळीची दोन्ही टोके इतकी दाबतात की, धातू धातूला चिकटून ती बंद होतात. द्रायू भूपृष्ठावरील दाबास येण्यापूर्वीच नमुना घ्यावा लागतो. अन्यथा तेलातील वायू सुटून जातात.

प्रयोगशाळेत नळी अत्युच्च निर्वात केलेल्या धातूच्या संचाला जोडून उघडतात. तप्त टिटॅनियम व झिर्कोनियमाची मिश्रधातू हायड्रोकार्बने, नायट्रोजन इ. क्रियाशील वायू शोषून घेतात. नंतर द्रव नायट्रोजनाने −१९६° से.पर्यंत थंड केलेल्या सक्रियित कोळशावर आर्गॉन, क्रिप्टॉन व झेनॉन यांचे अधिशोषण होते. हीलियम व निऑन मागे राहतात व आणखी नीच तापमानास एकमेकांपासून वेगळे केले जातात. प्रत्येक अंश द्रव्यमान वर्णपटमापकात सोडून त्यातील समस्थानिक मोजतात. हवेचे नेमके मोजलेले नमुने हे येथील प्रमाण होय. म्हणजे जी हवा नमुन्यात नको, तीच मापनाचे माप ठरते. हीलियम-३ चे द्रव्यमान हायड्रोजन-ड्यूटेरियम रेणूच्या द्रव्यमानाच्या अगदी जवळ असल्याने त्यासाठी उच्च विभेदनक्षमतेचे उपकरण लागते. द्विविद्युत् भारित आर्गॉन-४० हा निऑन-२० सारखा, तर तशाच स्थितीतील कार्बन डाय-ऑक्साइड निऑन-२२ सारखा भासतो. जाड तेलाचे काम विशेष किचकट असते. त्यातून वायू सहज सुटत नाही आणि बाष्पनशील हायड्रोकार्बने संच मलिन करतात.

महाराष्ट्रालगत अरबी समुद्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने शोधलेल्या मुंबई हाय क्षेत्रात तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडकात असून त्याखाली दख्खनचा बेसाल्ट व प्राचीन स्फटिकी खडक आहेत. बेसाल्टात युरेनियम व थोरियम अत्यल्प, ग्रॅनाइटी खडकात तुलनेने बरेच असतात. त्यामुळे अशा क्षेत्रातील द्रायूंत भूकवचीय हीलियम भरपूर आढळल्यास त्याचा उगम बेसाल्टाऐवजी त्याखालील खडकात शोधणे सयुक्तिक ठरते. दाब टिकविण्यासाठी तेलक्षेत्रात जे समुद्राचे पाणी सोडतात, त्यातील ऑक्सिजन गंज टाळण्यासाठी आधी काढून टाकतात; निर्वाताने वा वायुझोताने ही क्रिया करताना अक्रिय वायूही बरेचसे निघून जातात. विहिरीतून वर येणारे पाणी मूळचे की सोडलेले, हे ओळखण्यास ही उणीवच उपयोगी पडते.

बेसाल्टाच्या थरातूनही हीलियम वर येऊ शकतो, याचा दाखला मराठवाड्यात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने जमिनीला पडलेल्या भेगेवरील मृदावायूत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या वैज्ञानिकांना हीलियमाचे असाधारण प्रमाण आढळले व ते त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे बेसाल्टाची जाडी सु. ३४० मी. असून खाली स्फटिकी तळखडक आहे.

भारताला लागणारा जवळजवळ सर्व हीलियम आयात करावा लागतो. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाची रुग्णालयीन यंत्रे द्रव हीलियमावर चालतात; तसेच अवकाश व अणुऊर्जा या क्षेत्रांतही त्याची गरज असते. तमिळनाडूतील कुत्तालम येथील नैसर्गिक वायूत हीलियमाचे प्रमाण सु. ०.०६ टक्के असल्याचे मापनातून दिसल्यावर तेथे तो वेगळा करणारे प्रायोगिक संयंत्र उभारण्यात आले. डेक्स्टरच्या मानाने हे प्रमाण सु. तिसाव्या भागाइतके आहे. एवढ्या विरळ वायूतून हीलियम काढणे परवडेल की नाही, हे त्याच्या बाजारभावाइतकेच टक्केवारीतील दुसऱ्या दशांश स्थळाच्या अचूकतेवर अवलंबून असते.